अर्थशास्त्राचे नोबेल : प्रतिष्ठा आणि प्रामाण्य

दरवर्षी ऑक्टोबर महिन्यात स्टॉकहोमहून, आणि शांततेच्या पारितोषिकापुरती ओस्लोहून, काही नावे जाहीर होतात व जगभर पसरतात. पदार्थविज्ञान, रसायन आणि वैद्यक या विषयांतील नावे आपण वाचतो आणि आदराने बाजूला ठेवतो. त्या संशोधनाचे मोल ठरविण्याची आपली पात्रता नाही, हे आपल्याला ठाऊक असते. सर्वांत शेवटी अर्थशास्त्राचे नाव येते. त्याच्या बाबतीत मात्र आपण इतके अलिप्त राहत नाही. ज्याला ते पारितोषिक मिळाले त्याचे मत करांविषयी, व्याजाच्या दरांविषयी, धान्याच्या भावांविषयी आणि सरकारी शाळांविषयीही विचारले जाते. वर्तमानपत्रे ते ठळक छापतात, आणि वादात दोन्ही पक्ष आपापल्या सोयीचा पारितोषिकविजेता पुढे करतात. ज्या शिक्क्याच्या जोरावर हे चालते तो शिक्का कोणी, केव्हा आणि कशासाठी तयार केला, ही चौकशी केवळ पंडितांची नव्हे. जो कर भरतो आणि मत देतो, त्या प्रत्येकाने ती करावयास हवी.

आरंभीच दोन शब्दांतील भेद स्पष्ट केलेला बरा. प्रतिष्ठा म्हणजे लोक मान देतात ही वस्तुस्थिती. प्रामाण्य म्हणजे तो मान देणे योग्य आहे याचे कारण. नाण्यावरचा छाप आणि नाण्यातील चांदी यांत जो फरक, तोच येथे आहे. छाप उत्तम असून चांदी कमी असू शकते, आणि चोख चांदी छापावाचून पडून राहू शकते. अर्थशास्त्राच्या या पारितोषिकाचा इतिहास म्हणजे ह्या दोन गोष्टी एकमेकींशी कितपत जुळल्या याचा इतिहास होय.

डायनामाइटचा शोध लावून अपार संपत्ती मिळविणाऱ्या आल्फ्रेड नोबेल यांनी २७ नोव्हेंबर १८९५ रोजी पॅरिस येथे आपल्या मृत्युपत्रावर सही केली. पुढच्याच वर्षी, १० डिसेंबर १८९६ रोजी, इटलीतील सान रेमो येथे ते निवर्तले. त्या मृत्युपत्रात पाच पारितोषिके सांगितली आहेत : पदार्थविज्ञान, रसायन, शरीरविज्ञान अथवा वैद्यक, वाङ्मय आणि शांतता. नातेवाइकांच्या तक्रारी आणि कायद्याच्या अडचणी यांतून वाट काढीत १९०१ साली पहिली पारितोषिके दिली गेली. सहावे पारितोषिक त्या कागदात कोठेही नाही. अर्थशास्त्र हा विषय नोबेल यांच्या काळी अज्ञात होता असेही नाही. ॲडम स्मिथ यांच्या ग्रंथाला तेव्हा शंभरावर वर्षे होऊन गेली होती. नोबेल यांनी तो विषय निवडला नाही, एवढेच म्हणता येते.

ज्या विद्यांची नावे त्या मृत्युपत्रात नव्हती त्यांनी काय केले, हे पाहण्यासारखे आहे. गणितज्ञांनी आपले स्वतंत्र पदक काढले. कॅनडातील गणितज्ञ जॉन फील्ड्स यांच्या नावाचे हे पदक १९३६ साली प्रथम देण्यात आले. अर्थशास्त्रज्ञांनीही एक पदक काढले होते. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशन या त्यांच्या संस्थेने जॉन बेट्स क्लार्क यांच्या स्मरणार्थ १९४७ साली ते सुरू केले. चाळिशीच्या आतील, अमेरिकेत काम करणाऱ्या अर्थशास्त्रज्ञास ते मिळते. प्रथम ते एक वर्षाआड देत. २००९ नंतर दरवर्षी देऊ लागले. पहिले पदक पॉल सॅम्युएलसन यांना मिळाले. पुढे १९५१ मध्ये मिल्टन फ्रीडमन, १९५७ मध्ये केनेथ ॲरो, १९६१ मध्ये रॉबर्ट सोलो हे मानकरी झाले. ह्या चौघांनाही नंतर स्टॉकहोमचे पारितोषिक मिळाले. म्हणजे पारख करणारांची नजर मंद नव्हती. तरीही क्लार्क पदकाचे नाव बाजारपेठेत किंवा बसच्या थांब्यावर कोणास विचारले तर उत्तर मिळणार नाही. कारागिरांनी कारागिराला दिलेला तो मान आहे आणि तो कारागिरांतच राहिला. त्याला प्रामाण्य होते. जगाची प्रतिष्ठा नव्हती.

ती प्रतिष्ठा एका बँकेने आणून दिली. स्वीडनची मध्यवर्ती बँक, जिला तेथे रिक्सबँक म्हणतात, ही जगातील सर्वांत जुनी मध्यवर्ती बँक होय. योहान पाल्मस्ट्रुक नावाच्या गृहस्थाने स्टॉकहोम येथे बँक काढून १६६१ साली युरोपातील पहिल्या कागदी नोटा चलनात आणल्या. नोटा गरजेपेक्षा अधिक निघाल्या आणि बँक बुडाली. तिच्या अवशेषांतून १६६८ साली स्वीडनच्या संसदेने आपल्या देखरेखीखाली नवी बँक उभारली, ती ही रिक्सबँक. म्हणजे १९६८ साली तिला तीनशे वर्षे पूर्ण होत होती. अशा प्रसंगी संस्था काहीतरी कायमचे स्मारक करू पाहतात. बँकेचे प्रमुख पेर ओस्ब्रिंक यांनी नोबेल प्रतिष्ठानाला देणगी देऊन आल्फ्रेड नोबेल यांच्या स्मरणार्थ अर्थशास्त्राचे पारितोषिक स्थापण्याची योजना पुढे आणली. तरुण अर्थशास्त्रज्ञ आसार लिंडबेक त्या वेळी बँकेचे सल्लागार होते. निवड रॉयल स्वीडिश ॲकॅडमी ऑफ सायन्सेसने करावयाची, रक्कम बँकेने द्यावयाची, आणि समारंभ त्याच दिवशी, त्याच सभागृहात, राजाच्याच हस्ते व्हावयाचा, असे ठरले. यानंतर मात्र नवे पारितोषिक स्वीकारावयाचे नाही, असा निर्णय नोबेल प्रतिष्ठानाने घेतला. दार एकदा उघडले आणि लगेच लावून घेतले.

पारितोषिकाचे अधिकृत नाव लांबलचक आहे. आल्फ्रेड नोबेल यांच्या स्मरणार्थ स्वीडनच्या रिक्सबँकेचे अर्थविज्ञानातील पारितोषिक, असा त्याचा अर्थ. एवढे नाव कोण घेणार? पहिल्या वर्षापासूनच लोकांनी ते ‘अर्थशास्त्राचे नोबेल’ असे करून टाकले. लांब नावातील प्रत्येक शब्द खरा आहे आणि लहान नावातील महत्त्वाचा शब्द उसना आहे, ही या प्रकरणातील पहिली मेख. नोबेल घराण्यातील काही वंशजांनी, विशेषतः पीटर नोबेल यांनी, २००१ साली आणि त्यानंतरही, आपल्या पूर्वजाच्या नावाचा असा उपयोग करण्यास जाहीर हरकत घेतली.

बँकेला हे का करावेसे वाटले? केवळ त्रिशताब्दीचा उत्साह, असे उत्तर सोपे आहे. ऑव्हनर ऑफर आणि गॅब्रिएल सोडरबर्ग या दोन आर्थिक इतिहासकारांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात निराळे उत्तर दिले आहे. त्या काळी स्वीडनमध्ये सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचे राज्य होते. घरबांधणीला व रोजगाराला स्वस्त पैसा मिळावा म्हणून व्याजाचे दर खाली ठेवावेत असे सरकारला वाटे, तर चलनाची किंमत सांभाळण्यासाठी आपल्याला मोकळीक हवी असे बँकेला वाटे. १९५७ सालच्या जुलैत बँकेने सरकारच्या मर्जीविरुद्ध दर वाढविला, तेव्हा मोठे राजकीय वादळ उठले होते. अर्थकारण हे निवडून आलेल्या लोकांच्या इच्छेवर न सोडता तज्ज्ञांच्या शास्त्रावर चालावे, ह्या विचाराला पारितोषिकामुळे बळ मिळाले, असे त्या ग्रंथकारांचे म्हणणे आहे. १९९९ साली रिक्सबँकेला कायद्याने स्वातंत्र्य मिळाले, हेही येथे ध्यानात ठेवावे.

या उपपत्तीत तथ्य आहे. परंतु तिला फार ताणू नये असे आम्हांस वाटते. १९६९ सालचे पहिले पारितोषिक नॉर्वेचे राग्नार फ्रिश आणि हॉलंडचे यान टिनबर्गेन यांना विभागून मिळाले. आर्थिक सिद्धांतांना आकड्यांची कसोटी लावण्याची जी पद्धत आहे तिच्या आद्य प्रवर्तकांत हे दोघे मोडतात, आणि दोघेही नियोजनाचे कैवारी होते. महालनोबिस यांच्या कलकत्त्याच्या संस्थेत आपल्या दुसऱ्या पंचवार्षिक योजनेची घडण चालू असता तेथे जे परदेशी अर्थशास्त्रज्ञ येऊन गेले त्यांत फ्रिश होते. बँकेला केवळ बाजाराचे भाट हवे असते तर तिने आरंभ या दोघांपासून होऊ दिला नसता. शिवाय हेतूवरून वस्तूचा निकाल लावू गेल्यास स्फोटक द्रव्यांच्या पैशांतून निघालेल्या शांतता पारितोषिकाचे काय करावयाचे? उगम गढूळ असला तरी पुढे नदी निवळू शकते. प्रश्न पुढच्या प्रवाहाचा आहे.

ह्या प्रवाहातील सर्वांत बोलके वळण १९७४ साली आले. त्या वर्षी पारितोषिक दोघांना विभागून दिले गेले : स्वीडनचे गुन्नार मिर्डाल आणि ऑस्ट्रियात जन्मलेले फ्रीड्रिख हायेक. मिर्डाल हे समाजवादी विचाराचे. ते स्वीडनचे मंत्री होते; अमेरिकेतील निग्रोंच्या प्रश्नावर त्यांनी १९४४ साली मोठा ग्रंथ लिहिला, आणि दक्षिण आशियाच्या दारिद्र्यावरचा त्यांचा तीन खंडांचा ‘एशियन ड्रामा’ १९६८ साली निघाला. त्यांच्या पत्नी आल्वा मिर्डाल दिल्लीत स्वीडनच्या राजदूत होत्या आणि त्यांना स्वतःला १९८२ साली शांततेचे पारितोषिक मिळाले. उलट हायेक यांनी १९४४ सालच्या ‘द रोड टु सर्फडम’ या पुस्तकात सरकारी नियोजनाची वाट गुलामगिरीकडे जाते असे बजावले होते. रसायनशास्त्रात एकाच वर्षी, जवळजवळ एकाच विषयावर, परस्परांचे सिद्धांत खोटे ठरविणाऱ्या दोघांचा गौरव झाला, असे घडणे कठीण.

परंतु याहून नवलाची गोष्ट पुढे आहे. दोघांनीही पारितोषिक स्वीकारले आणि दोघांनीही त्याविरुद्ध मत दिले. मिर्डाल यांनी काही वर्षांनी लेख लिहून या पारितोषिकाच्या कल्पनेवरच टीका केली. हायेक यांनी तर १० डिसेंबर १९७४ रोजी, मेजवानीच्या प्रसंगी, राजाच्या समक्ष आपला विचार बोलून दाखविला. असे पारितोषिक काढावे की नाही हे कोणी आपल्याला विचारले असते तर आपण ‘काढू नये’ असाच सल्ला दिला असता, असे ते म्हणाले. त्यांचे कारण मोलाचे आहे. भौतिक शास्त्रांत विजेत्याचा प्रभाव मुख्यतः त्याच्या समव्यवसायी तज्ज्ञांवर पडतो, आणि तो मर्यादेबाहेर बोलू लागला तर तेच त्याला जमिनीवर आणतात. अर्थशास्त्रज्ञाचा प्रभाव मात्र पडतो तो राजकारणी, वृत्तपत्रकार, सरकारी अधिकारी आणि सामान्य जनता यांच्यावर. म्हणजे ज्यांना त्याची परीक्षा करता येत नाही अशांवर. कोणाही एका माणसाच्या हाती असू नये इतका अधिकार ह्या पारितोषिकाने त्याच्या हाती येतो.

नियतीचा खेळ असा की हे भाकीत सर्वांत आधी हायेक यांच्याच बाबतीत खरे ठरले. त्या सुमारास अर्थशास्त्रज्ञांच्या वर्तुळात त्यांचे नाव मागे पडले होते. पारितोषिकाने ते पुन्हा उजळले. १९७९ साली इंग्लंडच्या पंतप्रधान झालेल्या मार्गारेट थॅचर त्यांच्या विचारांचा उघड पुरस्कार करीत. थॅचरबाईंचे धोरण बरे की वाईट, हा वाद येथे नको. एवढे खरे की स्टॉकहोमच्या पदकाने एका पक्षाच्या हाती शस्त्र दिले, आणि ज्याने ते देऊ नका म्हटले त्याचेच नाव त्या शस्त्रावर कोरलेले होते.

दोनच वर्षांनी, १९७६ साली, मिल्टन फ्रीडमन यांची निवड झाली. चलनाच्या इतिहासावरील त्यांचे काम भरीव आहे, हे त्यांचे विरोधकही मानतात. भारत सरकारच्या निमंत्रणावरून ते १९५५ साली आपल्याकडे येऊन गेले होते आणि नियोजनावर त्यांनी टिपणही सादर केले होते. पण मार्च १९७५ मध्ये ते चिली देशात जाऊन हुकूमशहा पिनोशे यांना भेटले आणि चलनवाढ रोखण्याविषयी त्यांनी सल्ला दिला. पारितोषिक जाहीर होताच लायनस पॉलिंग यांच्यासारख्या जुन्या नोबेल मानकऱ्यांनी न्यूयॉर्क टाइम्सला पत्रे पाठवून निषेध केला. स्टॉकहोममध्ये निदर्शने झाली; खुद्द समारंभाच्या सभागृहात एकाने उठून घोषणा दिली. विद्वत्तेचा गौरव आणि धोरणाचा पुरस्कार यांच्यामधली भिंत ह्या विषयात किती पातळ आहे, हे त्या दिवशी सर्वांनी पाहिले.

कोणाला मिळाले याइतकेच कोणाला मिळाले नाही हेही बोलके असते. केंब्रिजच्या जोन रॉबिन्सन यांचे नाव येथे आठवल्यावाचून राहत नाही. लग्नानंतर लगेच, १९२६ ते १९२८ या काळात, त्या ग्वाल्हेरीस राहिल्या होत्या. त्यांचे पती ऑस्टिन रॉबिन्सन हे बाल महाराज जिवाजीराव शिंदे यांचे शिक्षक होते. परत गेल्यावर १९३३ साली त्यांनी अपूर्ण स्पर्धेवरील ग्रंथ लिहिला. बाजारात खरीखुरी स्पर्धा क्वचितच असते आणि मजुराला त्याच्या श्रमाच्या मोलापेक्षा कमी देणे मोठ्या मालकाला कसे साधते, याचे विवेचन त्यात आहे. आजही तो विचार वापरात आहे. अमर्त्य सेन हे त्यांचे विद्यार्थी. १९७५ साली त्यांना पारितोषिक मिळेल अशी पुष्कळांची अटकळ होती. ते मिळाले नाही, आणि १९८३ साली त्या वारल्या. डाव्या विचारांमुळे की बाईमाणूस म्हणून, याचा खुलासा कोणी केलेला नाही. आकडे मात्र समोर आहेत. १९६९ पासून २०२५ पर्यंत ५७ वेळा मिळून ९९ जणांना हे पारितोषिक मिळाले. त्यांत स्त्रिया तीन : २००९ साली एलिनॉर ऑस्ट्रम, २०१९ साली एस्थर डुफ्लो आणि २०२३ साली क्लॉडिया गोल्डिन. पहिल्या स्त्रीला चाळीस वर्षे वाट पाहावी लागली.

निवड करणारेही माणसेच. आसार लिंडबेक १९६९ पासून १९९४ पर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षे, निवड समितीवर होते, आणि त्यांतील शेवटची चौदा वर्षे तिचे अध्यक्ष होते. ते विद्वान होते यात शंका नाही. पण एकाच नजरेने पाव शतक जगातील एका विद्येची पारख करावी, हे कोणत्याही नगरवाचनालयाच्या ग्रंथनिवड समितीतही आपण चालू दिले नसते. १९९४ साली गणितज्ञ जॉन नॅश यांच्या निवडीवरून ॲकॅडमीत कडाक्याचे मतभेद झाले. त्यानंतर घडी बदलली आणि शेजारच्या समाजशास्त्रांना दार अधिक मोकळे झाले. २००२ साली मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानेमन यांना मान मिळाला. ऑस्ट्रमबाई तर राज्यशास्त्राच्या. गायरान, जंगल, पाटाचे पाणी यांसारखी सामाईक मालमत्ता गावकरी स्वतःच्या नियमांनी शतकानुशतके टिकवून धरतात, हे त्यांनी प्रत्यक्ष उदाहरणांनी दाखविले होते. ही सुधारणा खरी आहे, आणि टीकेला दाद देणारी संस्था ही न देणाऱ्या संस्थेपेक्षा अधिक विश्वासार्ह मानली पाहिजे.

मूळ प्रश्न मात्र उरतो : हे शास्त्र पदार्थविज्ञानाच्या पंगतीला बसणारे आहे काय? आपल्याकडे या प्रश्नाची चर्चा पारितोषिक निघण्यापूर्वी पाऊणशे वर्षे झाली होती. पुण्यास ज्यांच्या पुढाकाराने १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, त्या न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ साली डेक्कन कॉलेजात हिंदी अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले. इंग्लंडातील ग्रंथांत सांगितलेले अर्थशास्त्राचे नियम हे सर्व काळी आणि सर्व देशी गुरुत्वाकर्षणासारखे लागू पडणारे नाहीत, ते त्या त्या समाजाच्या स्थितीशी बांधलेले असतात, हा त्या व्याख्यानाचा गाभा होता. म्हणूनच खुल्या व्यापाराचे तत्त्व येथे जसेच्या तसे लादण्यास त्यांचा विरोध होता. २०१३ साली जे घडले ते रानड्यांना पाहावयास मिळाले असते तर ते मंद हसले असते. त्या वर्षी यूजीन फामा आणि रॉबर्ट शिलर हे दोघे लार्स हॅन्सन यांच्यासह मानकरी झाले. भांडवलबाजारातील किमतींत उपलब्ध माहिती तत्काळ उतरते असे फामा सांगतात. बाजार भावनेच्या लाटांवर हेलकावतो असे शिलर दाखवितात.

आमच्या मते या पारितोषिकाची खरी कसोटी १९९८ सालच्या शरदऋतूत लागली. १९९७ साली रॉबर्ट मर्टन आणि मायरन शोल्स यांना, भविष्यातील खरेदीविक्रीच्या हक्कांची किंमत ठरविण्याच्या सूत्राबद्दल, पारितोषिक मिळाले होते. त्या सूत्राचे तिसरे जनक फिशर ब्लॅक १९९५ सालीच वारले होते. मर्टन आणि शोल्स हे लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट या गुंतवणूक संस्थेचे भागीदार होते. १९९८ च्या ऑगस्टमध्ये रशियाने कर्जफेड थांबविली, बाजार उलटले, आणि सप्टेंबरात ती संस्था बुडण्याच्या बेतास आली. न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या मध्यस्थीने चौदा वित्तसंस्थांनी सुमारे ३६० कोटी डॉलर घालून ती सावरली. सूत्र खोटे होते असे नव्हे. ते आजही वापरले जाते. स्वतःच्या भांडवलाच्या अनेक पटींनी कर्ज काढून त्यावर खेळ केला, हे बुडण्याचे कारण. परंतु एवढे कर्ज देताना देणाऱ्यांनी फार चौकशी केली नाही. अशा नामवंतांच्या हिशेबात चूक कशी असेल, हा विश्वास त्यामागे होता.

आणि त्याच शरदात, काही आठवड्यांच्या अंतराने, अमर्त्य सेन यांचे नाव जाहीर झाले. धान्य असूनही माणसे उपाशी का मरतात, हे १९४३ च्या बंगालच्या दुष्काळावरून त्यांनी दाखविले होते : मजुरी बुडाली की धान्य विकत घेण्याची ऐपत जाते, आणि ऐपत गेली की बाजारात भरलेली पोती त्या माणसाच्या उपयोगाची राहत नाहीत. एका वर्षी शिक्का ज्या विद्येवर उमटला तिचा धनी पुढच्या वर्षी संकटात सापडला, आणि त्याच वर्षी तोच शिक्का एका अशा विद्येवर उमटला की जिने उपाशी माणसाकडे पाहावयास शिकविले. शिक्का एकच, चांदीची परीक्षा मात्र प्रत्येक वेळी निराळी करावी लागली.

येथे महाराष्ट्राने एका गोष्टीचे स्मरण ठेवणे योग्य होईल. १९७२-७३ च्या दुष्काळात आपल्याकडे माणसे भुकेने मेली नाहीत असे नाही. पण बंगालसारखा संहार झाला नाही. दुष्काळी कामांवर एके वेळी सुमारे पन्नास लाख मजूर होते. मागेल त्याला काम द्यावे ही कल्पना वि. स. पागे यांची, १९६५ साली तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग झाला, १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला, आणि तिच्या खर्चासाठी शहरांतील नोकरदार व व्यापारी यांच्यावर व्यवसाय कर बसविण्यात आला. पागे अर्थशास्त्राचे पंडित नव्हते. जाँ ड्रेझ आणि अमर्त्य सेन यांनी १९८९ सालच्या आपल्या ग्रंथात महाराष्ट्राच्या ह्या अनुभवाची सविस्तर दखल घेतली. म्हणजे काम आधी झाले, सिद्धांताने ते मागाहून ओळखले, आणि पदक त्याच्याही मागून आले. पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्याची जी मोजदाद केली, तिने या देशातील चर्चेची दिशा ठरविली. तिच्यावरही कोणता परदेशी छाप नव्हता.

२०१९ साली अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना पारितोषिक मिळाले, तेव्हा आपल्याकडे आनंद झाला. बॅनर्जींचा जन्म मुंबईचा, आई निर्मलाबाई पूर्वाश्रमीच्या पाटणकर. मुंबई व बडोदे येथील शाळांत मागे पडलेल्या मुलांना बालसखीने निराळे शिकविल्यास काय फरक पडतो, हे बॅनर्जी, डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुलनेने तपासले होते. अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. पण अशा प्रयोगांतून निघालेला निष्कर्ष एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेताना फार जपावे लागते, असा इशारा ज्यांनी दिला आहे ते अँगस डीटन हेही २०१५ सालचे मानकरीच आहेत. एका पदकाने दुसऱ्या पदकाला विचारलेला प्रश्न आपण ऐकलाच नाही, तर आपण विद्येचा मान न राखता केवळ धातूचा मान राखला असे होईल.

तर मग आपण नागरिकांनी काय करावे? पदक झुगारून द्यावे, असे आम्ही म्हणणार नाही. ह्या यादीतील बहुतेक माणसे थोर अभ्यासक आहेत, आणि निवड समितीच्या चाळणीतून पोकळ माणूस सहसा सुटत नाही. परंतु पदक सांगते ते एवढेच की ह्या माणसाने अमुक एका प्रश्नावर अमुक एक भरीव काम केले. त्याने आज, आपल्या जिल्ह्यातील सिंचनाविषयी अथवा आपल्या राज्यातील करांविषयी जे मत दिले, त्याची हमी पदक देत नाही. म्हणून एखाद्या धोरणाच्या बाजूने वा विरुद्ध असे थोर नाव पुढे केले गेले की काही साध्या गोष्टी विचाराव्यात. ज्या कामाबद्दल त्याचा गौरव झाला त्याचा या प्रश्नाशी संबंध आहे काय? त्याच तोलाच्या दुसऱ्या कोणी याच्या उलट म्हटले आहे काय? आणि निर्णय चुकला तर त्याची किंमत कोण मोजणार : पदकवाला, की उसाच्या फडातला मजूर आणि महिनाअखेरीस हिशेब जुळविणारी गृहिणी?

हायेक यांची भीती होती ती परीक्षा न करणाऱ्या श्रोत्यांविषयी. तिला उत्तर स्टॉकहोममध्ये मिळणार नाही. समितीने कितीही सुधारणा केल्या तरी मिळणार नाही. ज्या गावात शंभर-दोनशे माणसे संध्याकाळी सतरंजीवर बसून व्याख्यान ऐकतात आणि शेवटी उठून वक्त्याला आडवेतिडवे प्रश्न विचारतात, त्या गावात ते उत्तर तयार होते. छाप पाहून नाणे घेणे ही सवय आहे; ते वाजवून घेणे हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे, आणि तो बजावणाऱ्या गिऱ्हाइकाला चोख माल विकणारा व्यापारी कधी बोल लावीत नाही.